गोचीड ताप: ब्युपारवाक्वोन, डिमिनाझीन, इमिडोकार्ब की ऑक्सिटेट्रा? कोणत्या जनावराला काय द्यायचं?

माळरान_डेअरी (फलटण तालुका)

गोठ्यात २२ जनावरं, सगळी एचएफ संकरित. दहा दिवसांत तीन आजारी पडली. तिघांची लक्षणं निराळी आहेत, पण काल संध्याकाळी तिघांनाही एकच उपचार झाला: डिमिनाझीनची एक-एक पुडी आणि साधं ऑक्सिटेट्रासायक्लिन (५० मिग्रॅ प्रति मिली) ३० मिली शिरेतून. रक्त तपासलेलं नाही.

गाय १: दुसरं वेत, व्यायला १२ दिवस. ताप १०५.८. खांद्यासमोरच्या दोन्ही गाठी मोसंबीएवढ्या. डोळ्यांतून पाणी, धाप. दूध १८ लिटरवरून ५ वर. लघवी साधी. छातीचा घेर ७० इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी ६० इंच.

कालवड २: १४ महिन्यांची, साधारण १८० किलो. ताप १०५. लघवी कोऱ्या चहासारखी. गाठी सुजलेल्या नाहीत.

गाय ३: सहावं वेत, ४२० किलो. ताप १०३. डोळ्याच्या आतली कड पांढुरकी-पिवळी. शेण कडक गोळ्यांसारखं. लघवी गडद पिवळी, पण लाल नाही. चार पावलं चालवली की धापते.

दुकानदार म्हणतो ब्युपारवाक्वोन हेच सगळ्यांत भारी, तिघांनाही तेच द्या. दुसरीकडून सल्ला आला की इमिडोकार्ब सगळ्यावर चालतं. चार औषधांत नेमका फरक काय, कुणाला काय द्यायचं, दोन एकत्र दिली तर चालतात का, आणि दूध किती दिवस बाजूला काढायचं? इथल्या डॉक्टरांनी आणि जाणकारांनी सांगावं.

---

काचपट्टी

दादा, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. गाय १ थायलेरिया, कालवड २ बबेसिया, गाय ३ अ‍ॅनाप्लाझ्मा. तिन्ही रोग गोचीड आणते म्हणून गावात तिघांना मिळून 'गोचीड ताप' हे एकच नाव पडलं आहे. घोटाळा या नावातूनच सुरू होतो. तीन वेगळे जीव आहेत, ते वेगळ्या जागी राहतात, आणि त्यांची औषधं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून गाठी सुजतात. तांबड्या पेशींत तो नंतर येतो. त्याला मारतं ते ब्युपारवाक्वोन. डिमिनाझीनचं आणि थायलेरियाचं काही देणंघेणं नाही. तुमच्या गाय १ ला काल जे दिलं, त्यानं तिचा मूळ रोग जागचा हललेला नाही.

बबेसिया फक्त तांबड्या पेशींत राहतो आणि त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीतून बाहेर पडतो, म्हणून ती कोऱ्या चहासारखी दिसते. त्यावर डिमिनाझीन किंवा इमिडोकार्ब. तिथं ब्युपारवाक्वोनवर विसंबायचं नाही.

अ‍ॅनाप्लाझ्मा हा तर प्रोटोझोआ (एकपेशीय परजीवी) नव्हेच, जिवाणू आहे. म्हणून अँटिबायोटिक लागू पडतं: ऑक्सिटेट्रासायक्लिन, नाहीतर जास्त मात्रेत इमिडोकार्ब. यात तांबड्या पेशी रक्तवाहिनीत फुटत नाहीत, प्लीहा त्या गिळून टाकते. त्यामुळे जनावर पिवळं पडतं, पण लघवी लाल होत नाही. गाय ३ चं चित्र तंतोतंत हेच आहे.

तरीही अंदाजावर थांबू नका, कारण संकरित गाईत दोन रोग एकत्र असणं नवलाचं नाही. आजच नमुने घ्या. खरं तर ते औषधाआधी घ्यायचे असतात. डिमिनाझीननंतर एका दिवसात बबेसिया रक्तातून दिसेनासा होऊ शकतो, त्यामुळे कालवडीच्या रक्ताची पट्टी (काचेवर पसरलेला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ थर) आता कोरी आली तरी 'बबेसिया नव्हता' असा अर्थ काढू नका. गाय १ आणि ३ च्या पट्ट्या मात्र अजून बोलतील.

रक्ताची पट्टी कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून करा. केस कापा, स्पिरिट लावा, ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमध्ये पेशी फुटतात. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. थेंब तांदळाच्या दाण्याएवढाच हवा, पट्टी पातळ ओढा, हवेत हलवून लगेच वाळवा, मग मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं. मिथेनॉल नसेल तर कोरडी पट्टी कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. माश्या बसू देऊ नका, त्या रक्त चाटून पट्टी खराब करतात. सोबत जांभळ्या टोपणाच्या नळीत २-३ मिली रक्त घ्या आणि नळी हळू ८-१० वेळा उलटीपालटी करा. बर्फाच्या पिशवीसोबत न्या, पण बर्फाला टेकवू नका. गोठलेलं रक्त कामाचं नाही.

गाय १ साठी गाठीतला नमुना जास्त मोलाचा. हे तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या: डाव्या हातानं गाठ घट्ट पकडायची, १८ नंबरची दीड इंची सुई आत घालायची, १० मिलीच्या सिरिंजनं ओढ देत दोन-तीन वेळा दिशा बदलायची, ओढ सोडायची आणि मगच सुई बाहेर काढायची. ओढ कायम ठेवून सुई काढली तर माल सगळा सिरिंजमध्ये वर जातो आणि पट्टीवर काही पडत नाही. थेंब पट्टीवर घेऊन न दाबता पसरवायचा. गिम्सा रंगात पांढऱ्या पेशींच्या आत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले, त्यांना कॉखचे निळे पिंड म्हणतात, की थायलेरिया पक्का.

एक गोष्ट अहवाल वाचताना ध्यानात ठेवा. 'तांबड्या पेशींत थायलेरिया तुरळक' एवढंच लिहिलं असेल तर तो आजार नव्हे. बरं झालेलं जनावर वर्षानुवर्षं वाहक राहतं, आणि त्याच्या रक्तात तुरळक परजीवी दिसतच असतात. ताप, गाठी, हिमोग्लोबिन आणि पट्टी यांचा मेळ बसला पाहिजे. पुण्याकडे असाल तर औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तुमच्या बाजूनं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल.

---

वारणाकाठ_पशुवैद्य

वर सांगितलेलं सगळं बरोबर. मी मात्रेचं बोलतो, कारण योग्य औषध निवडूनही जनावर हातचं जातं ते बहुतेकदा कमी मात्रेमुळे.

गाय १ चं वजन काढू. घेर × घेर × लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०. म्हणजे ७० × ७० × ६० = २,९४,०००, भागिले ६६० = ४४५ किलो. नजरेनं हिला कुणीही ३५० म्हणेल. एचएफ गाय आजारात खपाटीला गेली की वजन कमी वाटतं, हाडापेराचं वजन मात्र कुठं जात नाही.

ब्युपारवाक्वोन २.५ मिग्रॅ प्रति किलो. द्रावण ५० मिग्रॅ प्रति मिलीचं, म्हणून २० किलोला १ मिली. ४४५ किलोला २२ मिली. आता पाहा, बाजारात २० मिलीची बाटली मिळते आणि 'एक बाटली = एक गाय' असा हिशेब पडून गेला आहे. ती बाटली ४०० किलोपर्यंतच पुरते. ५०० किलोच्या गाईला २५ मिली लागतं, तिला एक बाटली म्हणजे मात्रा पाचव्या हिश्श्यानं कमी. त्यात काही मिली सुईतून गळालं, गाय उसळली, की आणखी घट.

मानेच्या स्नायूत खोल द्यायचं, एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. २२ मिलीचे तीन भाग करा: ८, ७, ७, मानेच्या दोन्ही बाजूंना. पुठ्ठ्यात देऊ नका, कातडीखाली देऊ नका, शिरेत तर कधीच नाही. टोचल्या जागी सूज येते आणि दुखते, ती काही दिवसांत जिरते. चोळून गरम शेक देण्याची गरज नाही.

दुसरी मात्रा ४८ ते ७२ तासांनी, ताप हटला नसेल किंवा गाठी तेवढ्याच असतील तर. पहिल्या दिवशी संध्याकाळी ताप दिसला म्हणून घाबरून दुसरं औषध सुरू करू नका. ब्युपारवाक्वोन परजीवीच्या पेशीतलं ऊर्जा तयार करण्याचं काम अडवतं, ताप उतरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. इथेच एक फसगत होते. सोबत मेलोक्सिकॅम (०.५ मिग्रॅ प्रति किलो) दिलेलं असतं, ताप चार तासांत १०२ वर येतो, आणि सगळे समजतात औषध लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा १०६. म्हणून रोज सकाळी कोणतीही सुई देण्याआधी ताप मोजा आणि तोच लिहून ठेवा. थायलेरियात चौथ्या पोटाला, म्हणजे अ‍ॅबोमेसमला, व्रण पडतात. शेण काळं किंवा रक्ताचं दिसलं की तापाची सुई थांबवा.

तापासाठी कुणी डायक्लोफेनॅक देत असेल तर नको म्हणा. गिधाडं मरतात म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अ‍ॅसेक्लोफेनॅकवरही आली.

डेक्सामेथासोन गाय १ ला अजिबात नको. प्रतिकारशक्ती दबते आणि परजीवीला मोकळं रान मिळतं. गाभण जनावराला शेवटच्या तिमाहीत दिलं तर गर्भपात होतो तो वेगळाच.

---

सुई_कातडीखाली

कालवडीचं मी सांगते, कारण डिमिनाझीन आणि इमिडोकार्ब यांत खरी निवड तिथेच आहे.

डिमिनाझीन ३.५ मिग्रॅ प्रति किलो, खोल स्नायूत. २.३६ ग्रॅमच्या पुडीत खरं औषध १.०५ ग्रॅमच असतं, बाकीचं फेनाझोन नावाचं दुसरं द्रव्य. पुडी १२.५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवली की १०० किलोला ५ मिली पडतं. एक पुडी ३०० किलोसाठी. तुमच्या १८० किलोच्या कालवडीला ९ मिली पुरेसं होतं, अख्खी पुडी दिली असेल तर जास्त झालं आहे. तेवढ्यानं जिवाला धोका नाही, पण थरथर, तोल जाणं असं काही दिसतं का ते पाहा. ४२० किलोच्या गाईला मात्र तीच एक पुडी कमी पडते. म्हणजे तिघांना सारखं देऊन तिघांचंही चुकलं.

विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात कालवायचं नाही. कालवलेलं तेव्हाच वापरायचं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यानं पुढच्या जनावराला द्यायचं नाही.

इमिडोकार्ब १.२ मिग्रॅ प्रति किलो, कातडीखाली, एकदाच. १२० मिग्रॅच्या द्रावणात १०० किलोला १ मिली, म्हणजे कालवडीला १.८ मिली. शिरेत गेलं तर जनावर जागेवर कोसळू शकतं, म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचंच.

दोघांत फरक असा. डिमिनाझीन वेगानं काम करतं, एका दिवसात लघवीचा रंग उतरायला लागतो, आणि अंगातून लवकर निघून जातं. इमिडोकार्ब अंगात आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे पुन्हा लागण होण्यापासून काही काळ आडोसा मिळतो. याच कारणानं त्याचे अंश दूध-मांसात फार काळ सापडतात. ब्रिटनमध्ये त्याच्या लेबलवर दुधासाठी २१ दिवस आणि मांसासाठी २१३ दिवस थांबायला सांगितलं आहे. दुभत्या गाईला ते पहिल्या झटक्यात का देऊ नये, हे यावरून कळेल. कालवड दुधात नाही, तिला चालतं.

दिल्यावर १०-३० मिनिटांत लाळ गळणं, खोकला, पोटात कळ, पातळ शेण, स्नायू थरथरणं असं होतं. तास-दोन तासांत बसतं. जास्त झालं तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, म्हणून अ‍ॅट्रोपिन जवळ असल्याशिवाय ही बाटली फोडू नये. आणि हे फार महत्त्वाचं: त्याच दिवशी गोचिडांसाठी डायक्लोरव्हॉस, मॅलॅथिऑन, कुमाफॉस असलं सेंद्रिय फॉस्फरसचं औषध अंगावर मारू नका. दोघांचा परिणाम एकाच बाजूनं वाढतो आणि लाळेचे लोट सुरू होतात.

कालवडीला काल डिमिनाझीन मिळालंय. आज लघवी फिकट होत असेल, ताप उतरत असेल, तर आणखी काही नको. उद्यापर्यंत रंग तसाच राहिला तर इमिडोकार्बचा विचार. दोन्ही एकाच दिवशी नकोत.

---

वारणाकाठ_पशुवैद्य

ताईंच्या म्हणण्यात एक भर. इमिडोकार्ब ३ मिग्रॅनं दिलं तर बबेसिया अंगातून पार निघून जातो, हे ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे गोचीड बाराही महिने आहे. अंगात थोडा परजीवी शिल्लक राहिला तर त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी राहते. पूर्ण साफ केलेलं जनावर पुढच्या हंगामात पुन्हा कोरं होऊन आजाराला सामोरं जातं. म्हणून बबेसियाला १.२ मिग्रॅच पुरे. ३ मिग्रॅची मात्रा अ‍ॅनाप्लाझ्मासाठी किंवा गोचीड नसलेल्या गोठ्यात जनावर हलवायचं असेल तेव्हा.

---

सुई_कातडीखाली

गावठी गाईंच्या बाबतीत मान्य. संकरित दुभत्या गाईंना वाहक ठेवणं मला जोखमीचं वाटतं, व्यायच्या ताणात रोग उसळतो. पण कालवडीपुरती १.२ ची मात्रा मलाही योग्य वाटते.

---

माळरान_डेअरी

अहवाल आले. गाय १: गाठीच्या पट्टीत थायलेरियाचे निळे पिंड, हिमोग्लोबिन ७.८. तिला काल डॉक्टरांनी २२ मिली ब्युपारवाक्वोन तीन जागी दिलं. कालवड: पट्टी कोरी, पण लघवी स्वच्छ झाली, आज चारा खाल्ला. गाय ३: अ‍ॅनाप्लाझ्मा भरपूर, हिमोग्लोबिन ४.१. आज तर उठतच नाही. तिला ऑक्सिटेट्राचं पुढे काय करायचं? आणि रक्त वाढायला लोहाची सुई द्यायची का?

---

काचपट्टी

गाय ३ च्या काचपट्टीबद्दल एक विचारून घ्या: ठिपके तांबड्या पेशीच्या अगदी कडेला होते ना? रंगाचा कचरा आणि नव्या पेशींतले केंद्रकाचे उरलेले तुकडे तसेच दिसतात. भरपूर आणि कडेला असतील तर शंका नाही.

बाकी वारणाकाठचे डॉक्टर सांगतील.

---

वारणाकाठ_पशुवैद्य

आधी हिशेब. ऑक्सिटेट्रा ३० मिली × ५० मिग्रॅ = १५०० मिग्रॅ. ४२० किलोच्या गाईला ते किलोमागे ३.६ मिग्रॅ झालं. लागतं १० मिग्रॅ, म्हणजे ४२०० मिग्रॅ, म्हणजे ८४ मिली, रोज एकदा, तीन ते पाच दिवस. तिला मिळालं ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण औषध बरोबर असतं, बाटलीही जवळ असते.

शिरेतून द्यायचं तर अर्धा लिटर सलाईनमध्ये मिसळून, हळू, १५-२० मिनिटं तरी. ते रक्तातलं कॅल्शियम धरतं, आणि काही बाटल्यांतला प्रॉपिलीन ग्लायकॉलही रक्तदाब पाडतो. घाईनं ढकललं की गाय पटकन खाली बसते. कॅल्शियमच्या बाटलीत तर ते कधीच मिसळायचं नाही. दुसरा मार्ग लाँग अ‍ॅक्टिंगचा (अंगात जास्त काळ टिकणारं ऑक्सिटेट्रा), २०० मिग्रॅ प्रति मिलीचं, २० मिग्रॅ प्रति किलो: ४२ मिली, पाच जागी खोल स्नायूत, गरज पडली तर ७२ तासांनी पुन्हा. लाँग अ‍ॅक्टिंग शिरेत जात नाही. दोन बाटल्या दिसायला सारख्या असतात, लेबलवरचा आकडा डॉक्टरांसोबत तुम्हीही वाचा.

पण हिमोग्लोबिन ४.१ वर औषधाचं काम दुय्यम झालंय. तिच्या तांबड्या पेशींचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास असणार, निरोगी गाईत ते २४ च्या वर असतं. जिवाणू आज मेले तरी त्यांनी खराब केलेल्या पेशी प्लीहा पुढचे काही दिवस काढतच राहणार. तिला रक्त चढवा, आजच.

देणारी गाय ५०० किलोच्या आसपासची, शांत, गाभण नसलेली, रक्ताची पट्टी कोरी, ब्रुसेलाची चाचणी झालेली. तिच्याकडून ४ ते ५ लिटर निघतं. ९०० मिली रक्ताला १०० मिली ३.८ टक्के सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण), निर्जंतुक बाटलीत, रक्त पडत असताना बाटली सारखी हलती ठेवायची. गुठळी झाली की ती बाटली बाद. चढवायला गाळणीचा संच हवा, सलाईनचा साधा संच नको. पहिली १०-१५ मिनिटं थेंबाथेंबानं. थरथर, अंगावर गांधी, धाप, वारंवार खोकला असं काही आलं की थांबवायचं, अ‍ॅड्रिनॅलिन भरून तयार असावं. गाईंमध्ये पहिल्या वेळी रक्त जुळवून न पाहताही बहुधा निभावतं. आठ-दहा दिवसांनी त्याच देणाऱ्या गाईचं दुसऱ्यांदा देताना मात्र धोका मोठा. चढवलेल्या पेशी दोन-चार दिवसच टिकतात, पण गाईच्या स्वतःच्या मज्जेला पेशी बनवायला तेवढी उसंत मिळते.

ती उठत नाही तर उठवू नका. ओढून, शेपटी पिरगाळून उभी करण्याच्या झटापटीत अशी गाय प्राणवायूअभावी जागेवर जाते. सुई द्यायलाही बसल्या जागीच. सावली, जाड अंथरूण, तोंडाशी पाणी, दर चार तासांनी कूस बदलणं.

लोहाच्या सुईची घाई नको. अ‍ॅनाप्लाझ्मात तांबड्या पेशी शरीराच्या आतच मोडतात, लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. कमी पडतात त्या पेशी. कालवडीचं वेगळं, तिच्या लघवीतून थोडं वाहून गेलंय, तिला खनिज मिश्रण आणि चांगली वैरण पुरे.

गाय १ चं: हिमोग्लोबिन ७.८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पुढचे सात-आठ दिवस ते उतरू शकतं. चौथ्या दिवशी पुन्हा तपासा. ताप गेला पण डोळे पांढरे पडत चालले तर औषध फसलं असं नव्हे. मात्र दोन पूर्ण मात्रांनंतरही ताप १०५ वर आणि गाठीत जिवंत पिंड दिसले तर प्रतिरोधाची शंका घ्यायची. ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तान, सुदान इथं ब्युपारवाक्वोनला दाद न देणारा थायलेरिया सापडला आहे, परजीवीच्या सायटोक्रोम-बी जनुकात बदल होऊन. कमी मात्रा वारंवार देणं म्हणजे तोच बदल आपल्याकडे पोसणं.

---

माळरान_डेअरी

डॉक्टरांना दाखवलं. रक्ताची तयारी सुरू आहे, सायट्रेट शिरवळहून येतंय. गाय १ ला ब्युपारवाक्वोनसोबत ऑक्सिटेट्राही द्यावं का? आणि दुधाचं?

---

सुई_कातडीखाली

पट्टीत अ‍ॅनाप्लाझ्माही असेल किंवा फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग असेल तर द्यायचं. वेगळ्या सिरिंजनं, वेगळ्या जागी. ब्युपारवाक्वोनमध्ये काहीही मिसळायचं नाही. ऑक्सिटेट्रा थायलेरियाला सुरुवातीच्या काळात थोडं दाबतं, पण गाठी मोसंबीएवढ्या झाल्यावर एकट्यानं ते काही करू शकत नाही.

दूध: ब्युपारवाक्वोनला शेवटच्या सुईपासून ४८ तास, मांसाला ४२ दिवस. ऑक्सिटेट्राचं लेबलवर लिहिलेलं पाळा, साध्यापेक्षा लाँग अ‍ॅक्टिंगला जास्त दिवस लागतात. दुधात ते किलोमागे ०.१ मिग्रॅपेक्षा जास्त चालत नाही, आणि एका गाईचं दूध अख्ख्या कॅनला बाधतं. ते वासरांनाही पाजू नका. आजारी गायीची धार सगळ्यांत शेवटी काढा, भांडं वेगळं ठेवा.

---

घाटावरची_म्हैस

विषय गाईंचा आहे, तरी लाल लघवीवरून एक सावधगिरी, कारण हा धागा म्हशीवालेही वाचतील. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत म्हशीची लघवी लाल झाली आणि ताप नसेल, तर तो बबेसिया असेलच असं नाही. बऱ्याचदा फॉस्फरस घटल्यानं तांबड्या पेशी फुटतात. डिमिनाझीननं तिथं काहीच होत नाही. उपचार सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेटचा, ६० ग्रॅम ३०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, डॉक्टरांनी शिरेतून द्यायचा, पुढे तोंडावाटे. थर्मामीटर लावल्याशिवाय लाल लघवीवर औषध ठरवू नका.

---

फटी_बुजवा

औषधांची तुलना झाली, आता ती पुन्हा लागू नयेत म्हणून गोचिडीचं. बबेसिया आणणारी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस) तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढते, साधारण तीन आठवडे, आणि तिच्या अंड्यांतून रोग पुढच्या पिढीत जातो. थायलेरिया आणणारी हायलोमा तशी नाही. ती मधेच उतरते आणि गोठ्याच्या भिंतीच्या, गव्हाणीच्या फटींत दडते. तिच्या अंड्यांतून रोग जात नाही, पण लहानपणी रक्त पिताना घेतलेला परजीवी ती पुढच्या अवस्थेत पोचवते. म्हणून फक्त गाईवर फवारून थायलेरिया थांबत नाही, भिंतीवरही काम हवं.

गाईवर: डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के, लिटरला २ मिली. किंवा अमित्राझ १२.५ टक्के, लिटरला २ मिली. मोठ्या गाईला ३-४ लिटर द्रावण लागतं, नुसता हात फिरवून भागत नाही. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या मागे, पोळीखाली ब्रशनं लावा. १५ दिवसांनी पुन्हा. डेल्टामेथ्रिनला दाद न देणारी गोचीड देशात बऱ्याच ठिकाणी आढळली आहे. फवारल्यावर २४-४८ तासांत गोचिडी गळल्या नाहीत तर मात्रा दुप्पट करू नका, औषधाचा गट बदला. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते दुधात उतरतं. अशक्त, गाय ३ सारख्या जनावरावर सध्या काहीच फवारू नका, हातानं गोचिडी वेचून रॉकेलच्या डब्यात टाका.

गोठ्यात: फटींवरून गॅसची ज्योत फिरवा, जनावरं बाहेर काढून आणि कडबा दूर नेऊन. मग फटी सिमेंटनं बुजवा, चुना मारा. शेणखताचा ढीग भिंतीला टेकून ठेवू नका.

अ‍ॅनाप्लाझ्माचं एक निराळं आहे. तो गोचिडीशिवायही पसरतो, चावऱ्या माश्यांनी आणि रक्त लागलेल्या हत्यारांनी. परवा तिघांना सुया दिल्या, त्या बदलल्या होत्या का? शिंगं कापायची तार, कानात टॅग मारायची पकड, हेही उकळूनच वापरायचं. त्याचा उबवणीचा काळ तीन ते सहा आठवडे असतो, म्हणून उरलेल्या १९ जनावरांचा ताप पुढचे दीड महिने एक दिवसाआड सकाळी मोजा. १०३ च्या वर दिसला की त्याच दिवशी, औषधाआधी, पट्टी.

---

काचपट्टी

यात थायलेरियाच्या लशीचंही धरा. रक्षाव्हॅक-टी नावाची लस आहे, द्रव नत्रात साठवावी लागते, म्हणून ती गावच्या फ्रिजमध्ये मिळत नाही. दवाखान्यामार्फत आधी मागणी नोंदवावी लागते. पुढच्या उन्हाळ्याआधी कालवडींना द्यायचा विचार करा. आजारी, तापलेल्या किंवा शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला नाही.

आणि गाय ३ ला रक्त चढवायच्या आधी तिचं, चढवल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा, असं दोनदा हिमोग्लोबिन काढा. आकडे इथे टाका. डॉक्टर यायला उशीर होणार असेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवा, सायट्रेट आलं की वाट पाहत बसू नका.